आईचं बोरगाव आणि मूळ सीडी

पुसदला एका रविवारी सकाळी आईने स्वयंपाकघरात येऊन मला कॉम्प्युटरपाशी नेलं. ड्राइव्हमधून खर्रखर्र आवाज येत होता, आणि तिचा चेहरा असा, की घरात कोणाला ताप भरलाय...

दोन हजार सहा-सातचा सुमार. आई तहसील कार्यालयात क्लार्क होती. कापसाची ती वाईट वर्षं; तिच्या टेबलावर कसल्या फायली येतात, ते ती घरी कधी बोलायची नाही. हातपाय धुवायची, चहा घ्यायची आणि लोडशेडिंग नसेल तर तासभर गेम खेळायची.

हो, आई! मी यवतमाळला हॉस्टेलवर राहून बीसीए करत होते, तेव्हा सुट्टीत घरी आले होते. गेम मी माझ्यासाठी आणला होता, नागपूरहून, ओरिजिनल, डब्यासकट. गाव वसवायचा गेम. मी पंधरा दिवसांत कंटाळले, आईने दीड वर्ष खेळला.

गावाला तिने माहेरचं नाव दिलं होतं, बोरगाव. खऱ्या बोरगावात नव्हतं ते सगळं तिने इथे केलं... घरोघर नळ, दवाखाना, रेल्वेसुद्धा.

आता गंमत बघा. गेम कॉम्प्युटरमध्ये होता, आईचं गावही त्यातच होतं. तरी दर वेळी ड्राइव्हमध्ये मूळ सीडी असल्याशिवाय तो उघडत नसे. आणि त्या सीडीला मधल्या भोकापासून केसाएवढी चीर गेली होती.

बसस्टँडजवळ रिझवानभाईंचा सायबर कॅफे होता. त्यांनी सीडी उजेडात धरून पाहिली. "ताई, हे जास्त दिवस टिकत नाही. कॉपी मारून देतो."

थोड्या वेळाचं काम, पण पाऊण तास लागला. एका जागी मशीन अडकूनच बसली. "बीच में थोडा खराब पट्टा आहे," ते म्हणाले, "पण मशीनने सुधारून घेतलं."

घरी येऊन कॉपी टाकली. स्क्रीनवर इंग्रजीत ओळ आली... मूळ सीडी टाका.

"झेरॉक्स नाही चालत का याले?" आईने विचारलं. "सत्यप्रतीचा शिक्का मारून?"

मी हसले खरी, पण डोक्यात किडा शिरला. दोन्ही सीड्यांवरच्या फायली मी एकेक करून ताडून पाहिल्या. नावं तीच, साइज तीच. मग कोणती सीडी कोणती, हे या गेमला कळतं कसं?

जेवताना माझी तीच टकळी चालू होती. आई भाकरी मोडता मोडता थांबली.

"तो खराब पट्टा कॉपीत आहे का?"

"नाही. मशीनने दुरुस्त केला ना."

"मंग त्यावरूनच ओळखत असन. आमच्या शिक्क्यात 'कार्यालय' मधला 'य' तुटला आहे. डुप्लिकेट दाखला आणला कोणी, का त्यातला 'य' एकदम चांगला असते. मले लगेच समजते."

मी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी कॅफेत बसून शोधलं... आणि आईचं अगदी बरोबर होतं. काही कंपन्या मूळ सीडीत मुद्दाम एक बिघाड ठेवायच्या. कॉपी करणारी मशीन त्याला चूक समजून नीट करायची, आणि बिघाड नाही म्हणजे नक्कल, असा गेमचा हिशोब. माझा कॉलेजचा अभ्यास एकीकडे आणि आईचा तुटका 'य' एकीकडे.

पण हे कळून उपयोग काय? त्याच संध्याकाळी आईने मूळ सीडी ड्राइव्हमध्ये टाकली. ती फिरायला लागली आणि आतून फट्टकन आवाज आला. ट्रे उघडला तर तुकडे. आई ते एकेक वेचून डब्यात ठेवत होती.

रिझवानभाईंना वाईट वाटलं. म्हणाले, "ज्याने फुकट घेतला त्याले सीडीच लागत नाही, ताई. कुलूप काढलेली फाईल भेटते. देऊ का?"

त्यांचं खोटं नव्हतं. माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणी तोच गेम फुकटात, बिनघोर खेळत होत्या. आणि डबा, पावती सगळं जवळ असलेली माझी आई बाहेर उभी. मला भयंकर राग आला होता.

आई मात्र ऐकेना. "पहिले अर्ज करू." तिने कागद ओढला आणि वर लिहिलं, 'विषय: खराब झालेली सीडी बदलून मिळणेबाबत'. मी त्याचं इंग्रजी केलं. तुकडे, पावतीची झेरॉक्स, सगळं रजिस्टर पोस्टाने डब्यावरच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवलं.

महिनाभराने आमचंच पाकीट परत आलं. त्या पत्त्यावर आता कोणी नव्हतं. आईने पोस्टाचा शेरा दोनदा वाचला.

"आपण कळवलं," ती म्हणाली. "तिथं कोणीच नाही. मंग माह्या गावात जायले मी कोणाले विचारू?"

शिक्क्याशिवाय कागद पुढे न सरकवणारी बाई ती. रिझवानभाईंकडून आणलेली फाईल मी कॉम्प्युटरमध्ये टाकली, पण माऊस तिने माझ्या हातातून घेतला. क्लिक स्वतः केलं.

बोरगाव उघडलं. रस्त्यावर माणसं चालत होती, रेल्वे स्टेशनात शिरत होती. आई पदराने डोळे पुसून त्या गावातल्या पाण्याच्या टाकीकडे वळली.

आज मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागच्या वर्षी सॉफ्टवेअर विकत घेतलेलं आहे की नाही हे, म्हणजे लायसन्स, तपासणारी स्क्रीन करायचं काम माझ्याकडे आलं. मीटिंगमध्ये मी एकच विचारलं, खरा ग्राहकच बाहेर अडकला तर त्याने जायचं कोणाकडे?

आता त्या स्क्रीनवर खाली एक फोन नंबर आहे. आठवड्यातून एक दिवस तो मी स्वतः उचलते. समोरचा माणूस बहुतेक वेळा चिडलेला असतो, आणि बहुतेक वेळा खरं बोलत असतो.