काविळीचा दाखला

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या सरांकडे बोट दाखवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी दहावीत असताना आईचं डोकं बिघडलं. ती झोपेना, भिंतीशी बोलू लागली, एकदा माझं दप्तर विहिरीत टाकून आली. वडील तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेले. मी बहिणीला सांभाळत घरी राहिलो आणि दीड महिना शाळेत गेलोच नाही. मुख्याध्यापकांनी परीक्षेचा फॉर्म अडवला.

सरांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून दाखला आणला. आईला कावीळ, मुलगा तिच्या सेवेत. "घरातलं घरात राहू दे," ते मला म्हणाले. "कागदावर कावीळ बरी दिसते." आई घरी परतल्यावर लोकांनी विचारू नये म्हणून आत्यानं तिच्या गळ्यात काविळीची माळसुद्धा घातली. कावीळ उतरते तशी ती माळ लांबत जाते, असं आमच्याकडे मानतात. फॉर्म गेला, मी पास झालो, पुढं एम.एस्सी. झालो. आता त्याच शहरात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि पीएच.डी. करतो. माझं सगळं शिक्षण त्या एका कागदावर उभं आहे, असं मी मानत आलो.

प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर येमेनचा एक विद्यार्थी काम करायचा. इंग्रजी शोधनिबंध कसा वाचायचा हे मला त्यानं शिकवलं. मला इंग्रजी बोलताना घाम फुटायचा, तेव्हा न हसणारा तो एकटाच होता. हसणारे सगळे आपलेच, मराठी बोलणारे, आणि त्यांचं इंग्रजीही माझ्याइतकंच होतं. त्याच्या गावाकडे लढाई चालू होती. भावानं फोनवर त्याला सांगून ठेवलं होतं की डिग्री हातात आल्याशिवाय येऊ नकोस, इथं आलास की हातात बंदूक देतील.

गेल्या वर्षी तो हळूहळू बिघडला. एकावर एक दोन शर्ट घालून यायला लागला. पंखा आपलं बोलणं ऐकतो म्हणून एप्रिलमध्येही बंद पंख्याखाली बसायचा. मग येणंच थांबलं. शहराच्या टोकाला हर्सूलमध्ये त्याची खोली होती, तिथं मी गेलो, तर विद्यापीठाची पत्रं न उघडता दारामागे रचलेली होती. पासपोर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरलेला. त्यानं दाखवल्यावर मी तो काढून पाहिला. व्हिसाची मुदत संपून सात आठवडे झाले होते.

घरमालक निवृत्त अधिकारी. घरात पुस्तकांची दोन कपाटं, दारात तुळस, बोलणं अगदी शुद्ध. भाडेकरू महिनाभर खोलीतून बाहेर आला नाही, तरी यांना काही वाटलं नव्हतं.

"मला वाटलं, ध्यानधारणा करतोय," ते म्हणाले.

"काका, तो जेवत नव्हता."

"अहो प्राध्यापक, आपण दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत कसं पडणार? पण पोलीस दारात आले तर मात्र मला सोसायटीत तोंड दाखवता यायचं नाही. तेवढं बघा."

खाजगीपणाची एवढी चाड असलेला हा माणूस मित्राकडे कोण येतं, कोण जातं हे मात्र रोज खिडकीतून बघायचा.

मी मित्राला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या आठवड्यात तो पंख्याखाली बसून माझ्याशी बोलला. पंखा चालू होता. आता व्हिसा उरला. मुदतवाढ मिळाली नाही तर त्याला देश सोडावा लागणार होता, तोही डिग्री न घेता, आणि पुन्हा इथं येता आलं नसतं. मुदत का चुकली याचं कारण आणि मार्गदर्शकांचं पत्र अर्जाला लागत होतं.

आमचे मार्गदर्शक प्राध्यापक. त्यांच्या केबिनमध्ये मानवी हक्कांच्या परिषदेतला त्यांचा सत्काराचा फोटो आहे. त्या फोटोखाली बसून त्यांनी मला विचारलं, "अंगावर वगैरे धावून येत नाही ना?"

"नाही सर. आता बराच सुधारलाय."

"मग त्याला सूर्यनमस्कार घालायला सांगा. आणि अर्जात डोक्याचं काही लिहू नका, रेकॉर्डला राहतं. विभागाचं नाव खराब होतं."

इथपर्यंत मी सगळ्यांना नावं ठेवली. पण पुढचं काम मी स्वतः केलं, आणि मोठ्या हौसेनं केलं. मार्गदर्शक "काही लिहू नका" म्हणताच मला शाळेतले सर आठवले. मी म्हणालो, "कावीळ लिहू या." ते एवढे खूश झाले की त्यांनी मला चहा मागवला. सहा वर्षांतला तो पहिला चहा.

चिकलठाण्याला आमच्या गावाकडचा एक डॉक्टर बसतो. बाहेर कंपन्यांच्या कामगारांची रांग होती, सगळे दाखल्यासाठीच आलेले. मला बघताच म्हणाला, "या गाववाले! काय देऊ, कावीळ का टायफॉइड?" चहा का कॉफी विचारावं तसं. मी कावीळ म्हणालो. पेशंट कुठं आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शिक्का मारताना म्हणाला, "तुमचं काम म्हंजे घरचं काम. लई शिकलात राव, नाव काढलंत." मला बरं वाटलं. खोट्या कागदावरचा शिक्का वाळायची वाट बघत असताना मला माझ्या शिक्षणाचा अभिमान वाटत होता, हे मी विसरू शकत नाही.

मित्राला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याच्या सह्या तेवढ्या घेतल्या. वेड्याला काय विचारायचं, असं मी तोंडानं म्हणालो नाही, पण वागलो तसाच.

पोलीस आयुक्तालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या खिडकीमागे खाकी गणवेशातल्या एक बाई होत्या. त्यांनी फाइल सावकाश चाळली.

"जॉन्डिस हुआ था?" त्यांनी मित्राला विचारलं.

तो माझ्याकडे बघायला लागला. मग त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "नहीं मॅडम. मैं पागल हो गया था. अब दवा खाता हूँ." आणि त्यानं पिशवीतून मानसोपचाराची फाइल काढून त्यांच्यापुढं ठेवली. गोळ्यांची चिठ्ठी, तारखा, डॉक्टरबाईंची सही, सगळं क्रमानं लावलेलं. वर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मेरे भाई को शरम आती है. मुझे नहीं आती."

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग माझ्याशी मराठीत बोलल्या.

"हा दाखला कुणी आणला?"

"मी."

"शिकवता ना तुम्ही?"

"हो."

"काय शिकवता?"

मी दाखला उचलायला गेलो, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"नुसती ही फाइल घेऊन आला असतात तर आजारपण म्हणून केस सरळ वर गेली असती," त्या म्हणाल्या. "आता ह्यात खोटा कागद आला. वर वाटणार, आजारही खोटाच. दोन दिवसांत लेखी खुलासा द्या. नाहीतर देश सोडायची नोटीस निघेल. तुमच्यावर नाही हो, त्याच्यावर."

बाहेर आल्यावर मी मार्गदर्शकांना फोन लावला. "माझं नाव कुठं येता कामा नये," एवढं बोलून त्यांनी तो ठेवला. गाववाल्या डॉक्टरनं उचललाच नाही. नोटिशीचं कानावर जाताच घरमालकांनी मित्रानं खोली सोडावी असं पत्र संध्याकाळपर्यंत तयार ठेवलं, सुवाच्य अक्षरात, "सस्नेह नमस्कार"पासून सुरू केलेलं. एका दिवसात शहरातली सगळी सभ्य माणसं मला भेटून गेली आणि त्यांच्यातलं एकही कामाचं निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी क्रांती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसून मी खुलासा लिहिला. मित्र शेजारी उभा राहून वाचत होता. त्याला मराठी येत नाही, तरी वाचत होता. आधी मी लिहिलं, "गैरसमजातून सदर दाखला जोडला गेला." तो कागद फाडला. मग लिहिलं की दाखला मी आणला, तो खोटा आहे, मित्राला त्याची माहिती नव्हती. का आणला, हेही लिहिणं भाग होतं. तिथं हात अडला. शेवटी लिहिलं की माझ्या आईलाही हाच आजार झाला होता, तेव्हाही आम्ही कावीळ सांगितली होती, आणि त्यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी आजाराबद्दल पाच ओळी लिहून दिल्या, त्याही जोडल्या.

तीन आठवडे थांबावं लागलं. तेवढे दिवस तो माझ्या खोलीवर राहिला. प्रबंध सादर करेपर्यंतची मुदतवाढ मिळाली. बाईंनी मला बजावलं की दाखला फाइलमध्येच राहील. पुढच्या सत्राच्या तासिकांच्या यादीत माझं नाव असेलच असं नाही, हे मार्गदर्शकांनी मला कॉरिडॉरमध्ये फार हळुवारपणे सांगितलं.

त्या रविवारी मी गावी गेलो. परत आल्यावर सरांना हे पत्र पाठवलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. पोलिसांना दिलेल्या एका खुलाशात मी आईच्या आजाराचं खरं नाव लिहिलं आहे. तुमचं नाव लिहिलं नाही, शाळेचंही नाही. तुमच्याकडून शिकलेली गोष्ट मी एका मित्रासाठी वापरली आणि त्याला जवळजवळ देशाबाहेर घालवलं. तो खरं बोलला म्हणून वाचला.

काल आईला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली आणि म्हणाली, "म्हंजी मला कावीळ झालीच नव्हती व्हय?" सर, तिला आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. दाखला खरा दिसावा म्हणून आत्यानं तिला दोन महिने बिनहळदीचं, बिनतेलाचं खायला घातलं. माळ कमरेपर्यंत लांबली, तेव्हा कावीळ उतरली असं सगळ्यांनी ठरवलं आणि शहरातल्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. पुढच्या उन्हाळ्यात ती परत आजारी पडली, आणि त्यानंतर जवळजवळ दर उन्हाळ्यात. मी तेव्हा शहरात प्रथम श्रेणीत पास होत होतो. ती म्हणाली, "मला वाटायचं, माझंच पथ्य चुकतंय."

तुमच्या कागदामुळं मी शिकलो, हे मी कधी नाकारणार नाही. पण तो कागद तिच्या नावावर होता आणि त्यातलं तिच्या वाट्याला काही आलं नाही. असा कागद मागायला पुन्हा कुणी तुमच्या दारात आलं तर देऊ नका, सर. आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्यायला सांगा.

पुढच्या सोमवारी आईला इकडे आणतो आहे, मित्राच्याच डॉक्टरबाईंकडे. या आजाराला हळद चालती का, असं ती दोनदा विचारत होती. मी चालती म्हणालो.

तुमचा विद्यार्थी