डावा डोळा मिटतो

माझं अक्षर किरटं आहे आणि काना-मात्राही चुकतात. शाळा चौथीत सुटली. हे कोणाच्या हाती लागलंच तर सांभाळून घ्यावं.

धान कापताना उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. मी पदराने डोळा पुसला आणि कापत राहिले. सुजला तेव्हा सासूबाईंनी त्यात शेळीचं दूध पिळलं. आमच्याकडे तसंच करतात. पार बिघडल्यावर भावाने चंद्रपूरला नेलं, खर्चही त्यानेच केला. दुखणं गेलं, पण बुबुळावर पांढरं पडलं आणि त्या डोळ्याने दिसेनासं झालं.

नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. घरामागच्या वाडीत मका उभा होता. तो विकून भावाचे पैसे द्यायचे होते. वहिनी फोनवर पैशांचं काढायची नाही, नुसतं "मका कसा आहे, बाई?" विचारायची. मला त्याचीच जास्त लाज वाटायची.

मक्यावर वांदरं यायची. लहानपणी शेळ्या चारताना मी गुलेल शिकले होते, नेम चांगला होता. पण तो सगळा उजव्या डोळ्याचा. आता गुलेल उजव्या हातात धरून रबर डाव्या डोळ्यापाशी ओढायचं होतं. हात कसेबसे वळले. डोळा ऐकेना. नेम धरला की डावा डोळा जुन्या सवयीने मिटायचा आणि सगळं अंधारून जायचं. मातीची गोळी कुठे लागली ते कौलं फुटल्याच्या आवाजावरून कळायचं.

"वांदर तिकडं हाये, तू आपले कवेलू काऊन फोडून राह्यली वं?" सासूबाई म्हणाल्या.

"डोळा मिटते, बाई."

"मंग नोको मिटू."

"मी नाई मिटत. तोच मिटते."

शेवटी त्या माझ्यामागे उभ्या राहून बोटाने पापणी वर धरू लागल्या. मी रबर ताणायची, त्यांचं बोट पापणीवरून घसरायचं, माझ्या डोळ्यातून पाणी यायचं. एक म्हातारं वांदर तर कुंपणावर येऊन कणीस सोलत बसलं.

"भेत नाई ते," मी म्हणाले.

"काऊन भेईन? त्याले वाटते, म्या तुया डोळ्यात औषध टाकून राह्यली."

मला हसू आलं आणि गोळी हातातून निसटली. तेवढ्यात बाकीच्या वांदरांनी आणखी एक ओळ आडवी केली. आम्ही दोघी बघत राहिलो. दुसरं काय करणार होतो.

डोळा उघडा राहायला लागला तोवर घराला लागून असलेला थोडाच मका उरला होता. तेवढा राखला. कणसं चामोर्शीच्या बाजारात विकली, पण त्याने काय होतं. उन्हाळ्यात मोहफुलं वेचली. उजवीकडची मला दिसायची नाहीत, मागून येणाऱ्या बाया उचलायच्या. नवरा आल्यावर त्याच्या मजुरीतले घातले, तेव्हा कुठे जमलं.

भावाच्या घरी जाऊन पैसे वहिनीच्या हातात दिले. ती तसेच ठेवायला निघाली.

"मोजून घे, वयनी," मी म्हटलं.

तिने मोजले. पुरे होते.