दम गेलेला ट्रक आणि धोंडिराम मिस्त्री

मोडनिंबच्या हायवेवर धोंडिराम मिस्त्रीकडे गाडी न्यायची म्हणजे आधी शिव्या खायच्या आणि मग बॉनेट उघडायचं. पस्तीस वर्षं डिझेल इंजिनांत घालवलेल्या या माणसाचा इंजिनांवर भारी जीव आणि ड्रायव्हरांवर तेवढाच दात. ड्रायव्हर तेवढा चोर, हे तो ड्रायव्हरच्या तोंडावर सांगे. तरी लोक येत, कारण हाताला गुण होता.

परवा भर दुपारी मानसिंग आपला ट्रक घेऊन आला. चालवायला बिरप्पा, सांगोल्याकडचा, मितभाषी गडी. गाडी चढावर रडत होती, काळा धूर ओकत होती आणि डिझेल घटाघटा पीत होती. टर्बोनं कोंबलेली हवा इंजिनाला कमी पडली की असंच होतं, म्हणून सोलापुरात नवा टर्बो बसवून झाला होता. फरक मात्र शून्य. तेव्हा मानसिंगने ठरवून टाकलं की गाडी ठीक आहे, बिरप्पाच डिझेल विकतो आणि दम गेल्याचं सोंग करतो. धोंडिरामने इंजिन चांगलं आहे एवढं चारचौघांत म्हटलं की झालं. मग या रस्त्यावर कोणीही मालक बिरप्पाच्या हाती स्टेअरिंग देणार नव्हता.

धोंडिरामने गाडीकडे पाहिलंही नाही. बिरप्पाकडे बघून म्हणाला, "तोंडावरच दिसतंय की. लई बघितलीत असली तोंडं."

बिरप्पाची कानशिलं तापली.

मग धोंडिराम कामाला लागला. एअर फिल्टर साफ निघाला. टर्बोचा दांडा बोटांत धरून हलवला, तो जागच्या जागी होता. इंजिन चालू करून रेस दिली, कान लावला, कुठं फुसफुस नाही. मानसिंग हसला आणि मोबाइल काढून ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन लावायला लागला.

"मोकळ्या गाडीत काय कळणार?" बिरप्पा म्हणाला. "माल भरला की मरती ती."

ड्रायव्हरने आपल्याला शिकवावं, याचा धोंडिरामला असा संताप आला की पाना आपटला त्याने. पण बोलणं बरोबर होतं, आणि चुकीच्या माणसाच्या तोंडून बरोबर बोलणं निघालं की माणूस जास्तच चिडतो. त्याने तणतणतच टर्बोचं तोंड बूच मारून बंद केलं, पंक्चरवाल्याकडून हवेची नळी ओढून आणली आणि बेताबेताने हवा भरत एकेका पाइपावर साबणाचं पाणी फिरवलं.

टर्बोकडून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपावर जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली होती. तिच्या कडेने फेस आला, मग बुडबुडेच बुडबुडे. पट्टीखालचा पाइप वीतभर फाटला होता. मोकळ्या गाडीत फट मिटून राही, ओझ्यावर हवेचा जोर वाढला की उघडे. सोलापूरवाल्याने टर्बो बदलला, पण घट्ट बांधलेली पट्टी बघून हात लावला नव्हता.

पट्टी सोडायला धोंडिरामने बोटं घातली आणि तो थबकला. दोन वेढे, मग पीळ, मग टोक आत खोचलेलं. अशी गाठ या हायवेवर एकच माणूस मारत होता. आठ महिन्यांपूर्वी मानसिंगला घाई होती, नवा पाइप मिळेना, म्हणून धोंडिरामने उद्यापुरती म्हणून ती बांधली होती. ना मानसिंग परत आला, ना याला आठवण राहिली. पट्टी कापून जळक्या ऑइलच्या डब्यात टाकली असती तर कोणाला कळणार होतं? मानसिंगचं तर लक्षही नव्हतं.

"फोन ठेव," तो म्हणाला. "पाइप फाटलाय. आन ही पट्टी मीच बांधल्याली हाय."

मानसिंगने मग त्याचा असा उद्धार केला की शेजारच्या हॉटेलातली माणसं उठून बाहेर आली. धोंडिरामने जन्मात पहिल्यांदा ऐकून घेतलं. दमल्यावर मानसिंग बिरप्पाकडे वळला आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, पाइप बसला की निघ, माल खोळंबलाय.

बिरप्पा केबिनमध्ये चढला. घोंगडी, डबा आणि कपड्यांची पिशवी घेऊन खाली उतरला, किल्ली सीटवरच ठेवली. जाता जाता धोंडिरामपाशी थांबला.

"मालकानं टर्बो बदलून बघितला, मग चोर म्हणला," तो म्हणाला. "तुमी तर बॉनेटबी उघडलं न्हवतं."

धोंडिरामला त्याचे हात धरावेसे वाटले. पण ते ऑइलने भरले होते, आणि तोवर बिरप्पा हायवे ओलांडून सांगोल्याकडच्या जीपमध्ये बसला होता.