खाडीची बोईटं

रविवारी सकाळी खाडीच्या चार बोईटांचे दोनशे रुपये ठरले, तेव्हा दारात मी आणि कोळीण हौसामावशी होतो. एवढ्यात बाळंतपणाला आलेली माझी लेक शीतल बाहेर आली. तिला याच माशांचे डोहाळे लागले होते.

मावशीने टोपली झाकली.

"भाऊ, पोरीला नको. वरून कारखान्याचं पाणी सुटतंय. सुनेलापण देत नाय मी."

"मग आम्हाला इतकी वर्षं दिलेत ते?"

"तुम्ही कुठं पोटुशी होता?"

शीतल हसली. मी मात्र रविवार मोजू लागलो. पाण्यातलं शेवाळात, शेवाळातलं माशात, माशातलं आमच्यात. आता अजून न जन्मलेल्या जिवातही?

मासे न घेताच मी मावशीच्या हातात दोनशे ठेवले. आमची गाभण मांजरी तिच्या टोपलीमागे निघाली.