हत्तरगे सरांचा भूकंपाचा कुत्रा

रामलिंग हत्तरगे सर चाकूरहून लातूरला आले तेव्हा त्यांच्याजवळ प्राणिशास्त्राची एम.एस्सी., एक सायकल आणि स्वतःविषयीचं अतिशय चांगलं मत एवढाच ऐवज होता. पुढं सायकल गेली. किल्लारीच्या भूकंपानंतर तिसऱ्या वर्षी त्यांच्या जीवशास्त्राच्या क्लासला बसायला जागा नव्हती, क्लासमागं पत्र्याचं होस्टेल होतं आणि होस्टेलच्या दारात ब्रूनो नावाचा अल्सेशियन बांधलेला होता.

होस्टेल पत्र्याचं होतं ते स्वस्तात पडतं म्हणून. जाहिरातीत ते 'भूकंपात सुरक्षित' झालं. त्या दिवसांत लातुरात कुणाला डोक्यावर स्लॅब नको होता. लोक उशाशी तांब्यावर तांबे रचून झोपत. खडखडाट झाला की पळायचं. मांजरानं तांबे पाडले तरी गल्ली रस्त्यावर येई. सरांनी या भीतीचा नीट अभ्यास केला आणि कुत्रा आणला. किल्लारीला धक्का बसण्याआधी कुत्री रडत होती असं जो तो सांगायचा. सांगणारे सगळे त्या वेळी गाढ झोपेत होते, ही अडचण कुणाला वाटली नाही.

एकदा ब्रूनो डुकरावर भुंकला आणि दुसऱ्या दिवशी बारीकसा धक्का बसला. बारीक धक्के तेव्हा बसतच असत आणि डुकरं तर रोजचीच. पण सरांनी माहितीपत्रकावर आपल्या फोटोशेजारी ब्रूनोचा फोटो छापला. दोघांत ब्रूनोचा चेहरा जास्त भरवशाचा होता, आणि पालकांचंही बहुधा तेच मत पडलं असावं.

ब्रूनोला जेवू घालणं, आंघोळ घालणं, गोचिड्या काढणं हे सरांच्या पत्नी महानंदाबाईंचं काम. सर त्याला पाळत नसत, दाखवत.

जूनमधल्या एका रविवारी जळकोटचे आप्पासाहेब मुलाच्या प्रवेशाची चौकशी करायला आले. बऱ्या जमिनीचा माणूस. सरांनी मेसमधला उरलेला भात आणि आमटीत कुस्करलेल्या भाकरी टोपलंभर ब्रूनोपुढं ठेवल्या. "खुराक बघा," ते म्हणाले. टोपलं रिकामं होताच चेंडू फेकफेकून त्याला होस्टेलसमोरच्या मैदानभर पळवलं.

"अहो, आत्ताच खाल्लंय त्यानं. पळवू नका," महानंदाबाई म्हणाल्या.

"तू आत जा."

जीवशास्त्रावर घरात चर्चा होत नसे.

चहा चालू असताना ब्रूनो गोल गोल फिरू लागला. बसायचा, लगेच उठायचा. मान खाली घालून उलटी काढायला बघायचा; पोट आतून ढवळून निघायचं आणि बाहेर नुसता पांढरा फेस यायचा. लाळेच्या तारा लोंबत होत्या. मध्येच मागं वळून स्वतःच्या कुशीकडं बघायचा, जणू तिथं कुणी परकं येऊन बसलं होतं. बरगड्यांमागचं पोट वर आलं होतं.

"सर, कुत्रं काहून असं करायलंय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

सरांनी कप खाली ठेवला. "त्याला कळलंय," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय?"

"जमिनीतलं."

आप्पासाहेबांच्या म्हशीचं पोट असं दिसतं तर त्यांनी जेवण टाकून डॉक्टर गाठला असता. पण ही म्हैस नव्हती. हे शिकलेल्या माणसाचं कुत्रं होतं.

थोड्याच वेळात गल्ली मैदानात उतरली. कुणी टीव्ही आणला, कुणी ट्रंका. म्हातारी माणसं शेवटच्या खेपेला आली. सरांनी ब्रूनोला मधोमध खुंट्याला बांधला, सगळ्यांना दिसावा म्हणून. तो पुढचे पाय फाकून उभा होता. दर उबळीला गर्दी एक पाऊल मागं सरे.

"केवळाबाई, गॅस बंद केला का?"

"मुडद्या, टाकीच खांद्यावर हाय माझ्या, बंद काय करू?"

याच गल्लीत राहणारे सरकारी जनावरांचे डॉक्टर निजामोद्दीन आपल्या ट्रंकेवर बसले होते. कुत्र्याकडं पाठ, नजर घराच्या नव्या भिंतीवर. महानंदाबाई त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाब, त्याला बघा. पोट लई फुगलंय, अन् उलटी व्हईना."

"भाभी, आज इतवार हाय."

"भूकंपाला इतवार चालतो, पोटालाच काहून चालत न्हाई?"

डॉक्टर उठले. त्यांनी ब्रूनोच्या पोटावर टिचकी मारली. हलगीसारखा आवाज आला. ओठ उचलून बघितला. गुलाबी असायच्या त्या हिरड्या चुना लावल्यासारख्या पांढऱ्या होत्या.

"सर, जमीन राहू द्या. ह्याचं पोट हवेनं भरून आतल्या आत पिळलंय. ओकतोय अन् काही पडत न्हाई, तवाच आणायचं असतंय. आत्ता उचला. पोट उघडावं लागंल. थांबलात तर गेला."

क्लासची जीप समोरच उभी होती. सरांनी जीपकडं बघितलं, आप्पासाहेबांकडं बघितलं, मग गल्लीकडं बघितलं.

"डॉक्टर, जरा हळू बोला."

"हळू बोललो तर पोट उतरंल का?"

"तसं नाही. एवढा धक्का होऊन जाऊ द्या."

"अन् न्हाई झाला तर?"

या शक्यतेचा सरांनी विचार केलेला नव्हता. ते गर्दीकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टरसाहेब म्हणतात, परिस्थिती गंभीर आहे." गर्दी आणखी मागं सरली.

महानंदाबाईंनी खुंट्याची साखळी सोडली. कुणाच्या तरी गाठोड्यातली चादर ओढून ब्रूनोला तिच्यावर निजवलं आणि हाक मारली, "धरा की कुणीतरी." सगळ्यांचे हात सामानात गुंतलेले होते. दुसरी बाजू डॉक्टरांनी धरली. मग त्या सरांपुढं हात पसरून उभ्या राहिल्या.

"किल्ली."

"लोक बघतायत, महानंदा."

"बघू द्या की. बघायलाच बोलावलंय न्हवं त्यांना?"

सरांनी किल्ली दिली, पण आधी दोन्ही खिसे सावकाश चाचपले. जीपमध्ये डॉक्टरांनी आधी ट्रंकेतली सुई टोचून हवा काढली, मग स्वतःच जीप हाकली. दवाखान्याचं फाटक उघडेपर्यंत ब्रूनो गेला. डोकं महानंदाबाईंच्या मांडीवर होतं.

गल्ली अंधार पडेपर्यंत मैदानात बसून होती. धक्का काही बसला नाही. सरांनी त्याचा खुलासा केला: संकट ब्रूनोनं अंगावर घेतलं. गल्लीला पटलं. आप्पासाहेबांना इतकं पटलं, की त्यांनी त्याच संध्याकाळी मुलाचा प्रवेश पक्का केला. नव्या माहितीपत्रकात ब्रूनोच्या फोटोला हार आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पचनसंस्थेचं प्रकरण होतं. सरांनी फळ्यावर जठर काढलं, वरचं तोंड, खालचं तोंड, रंगीत खडूनं, देखणं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, ब्रूनो कशानं गेला?"

"हे परीक्षेला येत नाही," सर म्हणाले आणि पुढं शिकवू लागले.

दिवाळीपर्यंत दुसरा अल्सेशियन आला. त्याला जेवणानंतर महानंदाबाई कुणालाही पळवू देत नाहीत, आणि निजण्याआधी त्याच्या पोटावरून एकदा हात फिरवतात. जीपची किल्ली त्यांच्या कमरेला असते. सरांना कुठं जायचं असलं तर ते मागतात.