जाऊबाईंचं गिऱ्हाईक

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच दुकानात शिवणकाम करतो. माझी टीप सरळ, तिची अजून सापासारखी वळते. तरी बायका दारातूनच विचारतात, "त्या दुसऱ्या नाहीत का?" माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

करते काय ही भवानी? गिऱ्हाईक आलं की मशीनच्या पॅडलवरचे पाय खाली घेते आणि समोरचीचं बोलणं संपेपर्यंत हूं की चूं करत नाही. मग विचारते, "हे घालून जायचंय कुठे?" लग्न होऊन आली तेव्हा हिच्याच तोंडाची टकळी थांबत नव्हती. ही सवय तिने मुद्दाम लावून घेतली, माझ्या डोळ्यांदेखत. मला नाही लागत असली थेरं. कापड बघितलं की मी सांगते काय शोभेल ते!

काल माझी लेक नव्या नोकरीसाठी ड्रेस शिवायला कापड घेऊन आली आणि माझ्यासमोरून थेट काकूच्या मशीनपाशी गेली.

"सख्खी आई इथे मेली का?" मी कात्री आपटली.

"आई, काकू आधी ऐकून घेते. तू मात्र..."

पुढचं मी तिला बोलूच दिलं नाही.