शेऱ्याचा रकाना

मला यादी करण्याचा नाद होता. नाद म्हणजे अगदी व्यसन म्हणावं असा. वाण्याची यादी, भाजीची यादी, रविवारच्या कामांची यादी, पाहुणे आले तर काय करायचं त्याची यादी, आणि पाहुणे गेल्यावर काय आवरायचं त्याचीही. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे. झालेलं काम खोडताना जो आनंद होई तो ते काम करताना कधीच झाला नाही, म्हणून एखादं काम यादीत नसताना हातून झालंच, तर ते आधी यादीत लिहून मग खोडत असे.

वाण्याची यादी करताना पहिली ओळ हळदकुंकवाची, असं आईनं शिकवलेलं. ती मी न चुकता पाळली. घरात आहे की नाही हे बघायची बुद्धी मात्र तिनं दिली नव्हती. वाणी बिचारा लिहिलेलं देई. दरमहा एकेक पुडी येऊन कुंकवाचा डबा असा भरला, की ह्यांनी एकदा विचारलं, "अख्ख्या नाशिकरोडचं हळदीकुंकू आपल्याकडेच आहे का?"

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नाशिकरोडला तीन मजली बिल्डिंगीत आम्ही राहत होतो. मी सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर रजिस्टरं आखायची, तो हात घरी आला तरी थांबत नसे. अशा बाईच्या तावडीत एका उन्हाळ्यात बिल्डिंगमधले पापड सापडले.

आमच्याकडे पापड एकटीनं कुणी करत नसे. एकेका दिवशी एकेका घरी, आणि बाकीच्या बायकांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन लाटायला जायचं. कुणाचा दिवस कधी हे संध्याकाळी गॅलरीत ठरे. एक म्हणायची, "उद्या तुझ्याकडे ना?" दुसरी नुसती भुवई उचलायची, आणि तिसरी म्हणायची, "मग तुझ्या जागी मी उद्या करते, तू शुक्रवारी कर." झालं. एवढ्यावर सगळं सुरळीत चाले. मला मात्र हा निव्वळ अंदाधुंद कारभार वाटे. दोघींचा दिवस एकच आला तर? एखादी सगळ्यांकडे गेली आणि तिच्याकडे कुणी आलंच नाही तर? असं आजवर कधीच झालेलं नव्हतं, ही गोष्ट मी विचारात घेतली नाही.

मी फुलस्केप कागद घेतला, लाल पेन्सिलीनं रकाने आखले. वार, घर, लाटायला येणाऱ्या, आणि शेवटी, कचेरीतली सवय म्हणून, शेरा. कागद खाली जिन्यापाशी, विजेच्या मीटरशेजारी डकवला. येताजाता सगळ्यांना दिसावा म्हणून. तसा तो सगळ्यांना दिसलाच.

दोन दिवसांनी समोरच्या वहिनी दारात आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या मला जमायचं नाही हो. अडचण आहे."

बाईनं बाईला एवढं सांगितलं की पुढे काही विचारायचं नसतं. त्या दिवसांत पापडाला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक. गॅलरीतली ती भुवई ह्याचसाठी उचलली जायची, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी पडले कर्तव्यदक्ष. खाली गेले आणि त्यांच्या नावापुढे शेऱ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'अडचण. शुक्रवारपासून उपलब्ध.'

त्यानंतर आणखी दोघींचे निरोप आले. त्यांचेही शेरे मी तितक्याच तत्परतेनं भरले.

ह्यांनी त्या संध्याकाळी सांगितलं, "आज मीटरपाशी बरीच पुरुषमंडळी उभी होती. लाईट गेले होते का?" समोरच्या वहिनींचे सासरे हाती आलेला प्रत्येक कागद पूर्ण वाचणाऱ्यांपैकी. मीटरचा आकडा बघायला म्हणून खाली गेले आणि सुनेचा शेरा वाचून वर आले. त्या घरात पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, पण दोन दारांत अंतर चार पावलांचं होतं.

मी धावत जाऊन कागद काढून आणला. त्याचा आता काय उपयोग? कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी काही बोललंच नाही. मी लाटायला गेले की मला जागा करून देत, चहा देत, आणि मी बसले की गप्पा बंद होत. मी खाली मान घालून पापड लाटत असे. माझे पापड कधी नव्हते इतके पातळ होऊ लागले.

मग माझा रविवार आला. मनात धाकधूक होती, तरी पहाटेच पीठ भिजवलं. ह्यांनी बनियनवर बसून वरवंट्यानं ते कुटलं. उडदाचं पीठ भरपूर होतं, कारण लाटायला किती हात असतील त्याची मी यादी केली होती. सतरंजी अंथरली, तेलाची वाटी ठेवली, लाट्या कापायचा दोरा ठेवला आणि वाट बघत बसले.

कुणीही आलं नाही.

दारोदार गेले. एकीला नाशकात रविवार कारंज्यावर खरेदीला जायचं होतं. दोघींकडे पाहुणे येणार होते. एकीचा उपास होता, आणि उपासाला लाटणं का चालत नाही हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्या दिवशी आमच्या बिल्डिंगीत एवढे पाहुणे येणार होते, पण जिन्यात एकही दिसला नाही. इकडे पीठ ओल्या फडक्याखाली कोरडं पडायला लागलं. पापड विकत मिळतात हो, पण पुढची कित्येक वर्षं ह्याच जिन्यातून चढायचं-उतरायचं होतं.

शेवटी तळमजल्यावरच्या मावशींकडे गेले. मावशी एकट्याच राहत. मुलगा रेल्वेत, बिऱ्हाड इगतपुरीला. दरवर्षी सगळ्यांकडे पापड लाटायला त्या न बोलावता येत. दारात बसून चिंचा फोडत होत्या.

"मावशी, चला ना. पीठ वाळतंय."

त्यांनी वर पाहिलं नाही. "मला कुठं बोलवलं व्हतं?"

"तुम्ही तर नेहमी न बोलावता येता."

"तवा यादी नव्हती."

आणि मला एकदम आठवलं. यादीत मी मावशींचं नाव घातलंच नव्हतं. माझा हिशेब सरळ होता. ज्यांच्या घरी पापड, त्यांचं नाव. मावशी स्वतःसाठी पापड करत नसत, म्हणजे त्यांच्याकडे जाऊन कुणी परतफेड करणार नाही, मग त्यांना राबवायचं कशाला? रकान्यात त्या बसतच नव्हत्या.

"तुम्हाला त्रास नको म्हणून, मावशी..."

"तरास!" त्यांनी चिंच सुपात टाकली. "माझ्या दारावरून बाया पोळपाट घेऊन वर जायच्या आन मी हितं बसून बघायची. हा नाय का तरास?"

ह्यापेक्षा वहिनींनी थोबाडीत मारलेली परवडली असती.

"लिव्ह," मावशी म्हणाल्या. "बुधवार माझा."

"पण मावशी, तुम्ही पापड कुणासाठी..."

"मी खाईन."

मी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि चिंचेच्या पुडीच्या कागदावर लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला ते मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. मग डोळे बारीक करून विचारलं, "शेऱ्यात काय लिवलंस?"

"काही नाही, मावशी."

"मंग ठीक."

त्या उठल्या, पदर खोचला आणि जिन्याखाली उभं राहून वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगं ए बायांनो, लय झालं रुसणं! तिला अक्कल नाय, त्यात उडदाचा काय गुन्हा?"

माझ्या बाजूनं इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं. वरती एक दार उघडलं, मग दुसरं. समोरच्या वहिनी लाटणं घेऊन आल्या आणि सतरंजीवर बसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिहा. उपलब्ध." आधी एक हसली, मग सगळ्या. मीही हसले, आणि डोळ्यांतलं पाणी मिरपुडीवर ढकललं. पापडांच्या कडा त्या वर्षी चिरल्याच, पण पापड झाले.

बुधवारी मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते सांगत नाही. मावशींच्या एका खोलीत आम्ही दाटीवाटीनं बसलो. पीठ होतं एका लहानशा परातीत मावेल एवढं. प्रत्येकीच्या वाट्याला दोनचार लाट्या आल्या. एरवी भराभर हात चालवणाऱ्या बायका त्या दिवशी एकेक पापड लाटत, फिरवत, पुन्हा लाटत बसल्या होत्या. उठायचं नाव कुणी घेईना. मावशींनी दोनदा चहा केला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर, कचेरीतून आले तशी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. मावशींनी आपलं लुगडं पसरून त्यावर पापड घातले होते आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत काठी घेऊन बसल्या होत्या. पापड दुपारीच कडकडीत वाळलेले दिसत होते.

"मावशी, वाळले की कधीच. डब्यात भरायचे ना?"

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "बघू दे. माझे हायेत."